हसले की आजार खोटा ठरतो का?

‘मी थोडी जरी आनंदात दिसले, तरी घरच्यांना वाटतं की आता हिला काही होत नाही. मग आनंदात दिसायचंच कशाला?’ दीर्घकाळचा आजार किंवा अपंगत्व घेऊन जगणारी अनेक माणसे, विशेषतः संसाराची जबाबदारी अंगावर असलेल्या स्त्रिया, समुपदेशनात हा प्रश्न या ना त्या रूपात विचारतात. सांगलीच्या एका ताईंच्या अनुभवातून त्याचे उत्तर मांडते आहे. त्यांची संमती घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांचे यजमान मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत आणि घरात सासूबाई व लग्नाला आलेली मुलगी आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी त्यांना आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असल्याचे निदान केले. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुप्पट-तिप्पट असते. सकाळी उठल्यावर बोटे आणि मनगटे तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ आखडलेली राहतात. दुपारी तीच व्यक्ती चालती-बोलती दिसते आणि आजाराच्या या चढ-उतारामुळेच पाहणाऱ्याच्या मनात शंका येते.

सुरुवातीला मी त्यांची झोप, भूक, जगण्याची इच्छा यांविषयी सविस्तर विचारले, कारण दीर्घ वेदनेबरोबर नैराश्य वारंवार येते आणि त्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात. ताईंच्या बाबतीत गोष्ट त्या टोकाला गेलेली नव्हती, मात्र त्यांचे जग आक्रसत चालले होते. हळदीकुंकवाला जाणे सुटले होते आणि शेजारणींशी बोलणेही तुटले होते. मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी 1970 च्या दशकात मांडले होते की, मनाला उभारी देणारे अनुभव आयुष्यातून कमी होत गेले की खिन्नता वाढते आणि त्या खिन्नतेपोटी माणूस उरलेल्या अनुभवांपासूनही दूर सरतो. हे चक्र ताईंच्या घरात मला स्पष्ट दिसत होते.

त्यांना सर्वांत जास्त काय आठवते, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘दारातली रांगोळी.’ आता त्यांना उकिडवे बसता येत नव्हते आणि रांगोळीची चिमूटही धरता येत नव्हती. मुलीने हौसेने छापे आणून दिले होते, ते त्यांनी कपाटात टाकले होते. अशा वेळी ‘दुसरा एखादा छंद लावून घ्या’ हा सल्ला सगळे देतात आणि तो बहुधा वाया जातो, कारण त्या माणसाचे नेमके काय हरवले आहे हे कोणी विचारलेलेच नसते. आम्ही रांगोळीच सविस्तर उलगडली. तेव्हा लक्षात आले की ठिपके आणि रेषा यांच्याइतकेच त्यांना त्या वेळेचे वेड होते: सडा टाकलेल्या अंगणाचा गारवा, दूधवाल्याची सायकल, कृष्णेच्या घाटाकडे निघालेल्या बायकांशी उभ्या-उभ्या होणारे दोन शब्द. हात आखडलेले असतात तीच ही वेळ. म्हणून त्यांनी दारात खुर्ची टाकली आणि चहाचा गरम पेला दोन्ही तळव्यांत धरून त्या तिथे बसू लागल्या. बोटांना ऊब मिळायची, ताठरपणा सैल होईपर्यंतचा वेळही सरायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस व्हायची.

आठवडाभराने सासूबाई म्हणाल्या, ‘दारात बसून चहा प्यायला बरं जमतं, पोळ्या लाटायला तेवढं जमत नाही.’ ताईंनी दुसऱ्या दिवसापासून खुर्ची आत नेली.

त्यानंतरच्या बैठकीला मी सासूबाई आणि यजमान दोघांनाही बोलावले. सासूबाईंना चूक ठरवण्याचा माझा हेतू नव्हता. सत्तरी उलटलेल्या त्या बाई स्वतःचे दुखरे गुडघे घेऊन ओट्यापाशी उभ्या राहत होत्या आणि त्यांना कोणी काही विचारत नव्हते, हेही त्या बैठकीतच पुढे आले. पेला तळव्यांत धरताना सांध्यावर विशेष भार येत नाही, लाटणे फिरवताना मात्र सुजलेली मनगटे आणि बोटांचे लहान सांधे सतत दाबले जातात, हे मी समजावून सांगितले. मग मुख्य मुद्द्यावर आले. वेदना किती आहे आणि मन कसे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखत असतानाही माणूस मनापासून हसू शकतो, आणि तसे हसल्याने त्याचे दुखणे खोटे ठरत नाही. घरात आनंद दिसला की त्याच्या बदल्यात लगेच कामाची अपेक्षा होत असेल, तर आजारी माणूस हसणे लपवायला शिकतो. ‘आज बरी आहेस ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की काम अंगावर येते आणि ‘नाही’ म्हटले की दिवसभर तोंड पाडून बसावे लागते. त्याऐवजी यजमानांनी ‘किती दुखतंय?’ आणि ‘आज काय जमेल?’ असे दोन प्रश्न विचारायचे ठरले. पहिल्याचे उत्तर ‘खूप’ असतानाही दुसऱ्याचे उत्तर ‘दारात बसायला जमेल’ असू शकते, हे त्यांना लवकर पटले.

कामांची आखणीही बदलली. ताई मेथोट्रेक्सेट या आमवातावरील औषधाची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री, घेतात आणि रविवारी त्यांना गळून गेल्यासारखे होते. म्हणून रविवारच्या पोळ्या आता गल्लीतील बचत गटाकडून येतात, त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांनाही आराम मिळतो. बाकीच्या दिवशी ताकद शिल्लक उरली तर मन रमवायचे, हा ताईंचा जुना क्रम आम्ही उलटा केला. सकाळची खुर्ची आधी, भाजी निवडणे नंतर. ताकद संपल्यावर आनंदासाठी काही उरत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षे अनुभवले होते.

ज्यांची झोप आणि भूक उडाली आहे किंवा जगणे नकोसे वाटते आहे, त्यांनी मात्र केवळ अशा बदलांवर विसंबू नये. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोन सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

सासूबाईंना सगळे पटले आहे असे म्हणता येणार नाही, आणि दुखणे बळावले की ताईंचे दिवसचे दिवस अंथरुणात जातात. सध्या आम्ही मुलीच्या लग्नाची तयारी करतो आहोत. रुखवताची खरेदी आणि आमंत्रणाच्या फेऱ्या ताईंनी जावेकडे सोपवल्या आहेत. हळद आणि कन्यादान त्यांनी स्वतःकडे ठेवले आहे, आणि दोन्ही वेळी बसायला पाठ असलेली उंच खुर्ची हवी, हे त्यांनी कार्यालयवाल्यांना स्वतः फोन करून सांगितले आहे.