आमच्या घराण्याची वंशावळ लिहिलेली पणजोबांची वही हरवली आहे, ती कुठे आणि कशी शोधावी?

"काका म्हणतात पुरात वाहून गेली" असं तुम्ही प्रश्नात खाली लिहिलंय ना, ते वाचलं आणि लिहायला बसले. नाहीतर मी इथे नुसतं वाचून जाते.

पुण्यातल्या जुन्या घरांत जे जे सापडत नाही ते सगळं पानशेतमध्ये वाहून गेलेलं असतं. पाटल्या, सनदा, लग्नाचे फोटो, सगळं. आता 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून पाणी आलं हे खरंच आहे, आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याचा खालचा मजला पार चिखलात गेला होता, त्याची चेष्टा मी करत नाहीये. पण आमचं बाड, म्हणजे वंशावळीची हस्तलिखित वही, त्यात गेलं नव्हतं.

आमचं बाड मोडीतलं, लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेलं. आजोबा श्राद्धपक्षाला ते काढायचे एवढं बाबांकडून ऐकलेलं, मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. काका छातीठोकपणे सांगायचे की पेटीसकट गेलं. (ती पेटी माळ्यावर चढवायचं काम त्या दिवशी काकांकडेच होतं, हे मला फार उशिरा कळलं. असो.)

2009 ला बाबा गेले, अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो. तीर्थोपाध्यायांनी, म्हणजे तिथल्या क्षेत्राच्या भटजींनी, आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आत गेले आणि एक लांबट जाड नामावळ, म्हणजे आलेल्या घराण्यांच्या नोंदींची वही, घेऊन आले. त्यात आधी 1938 चा आजोबांचा लेख, म्हणजे त्यांच्या हातची नोंद, निघाला, त्यात भावांची नावं, काकांची नावं. आणि पुढे दोन पानांवर पुन्हा आजोबांचंच अक्षर, शके 1886, पणजीच्या अस्थी घेऊन आले होते तेव्हाचं. त्या वेळी त्यांनी सात पिढ्या लिहून दिल्यात, आणि खाली बारीक अक्षरात "घरच्या बाडावरून उतरविले". शके 1886 मध्ये 78 मिळवा. 1964. पुरानंतर तीन वर्षांनी बाड घरात होतं!

मी तिथे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर, उभी राहून काकांना फोन लावला. काका म्हणाले पाठ असेल त्यांना. आता श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं लागतात, तेवढी माणसाला पाठ असतात, सात पिढ्या आणि प्रत्येकाची तिथी कुणाला पाठ असते हो? आणि स्वतःच "बाडावरून" लिहिलंय ना माणसानं. पण काकांनी विषय बंद केला आणि मग पुढची सात वर्षं मी सगळ्या चुलत, सख्ख्या, दूरच्या पुरुषमंडळींना विचारत बसले. वंशावळीची वही म्हणजे मुलाकडेच असणार हे माझ्याही डोक्यात घट्ट बसलेलं होतं, त्यात मी काकांपेक्षा वेगळी नव्हते.

मिळालं ते असं. साताऱ्याच्या आत्याशी दुसऱ्याच कशावर तरी बोलणं चाललेलं, आजीच्या हातच्या गोष्टींवरून विषय निघाला आणि मी सहज म्हटलं, आत्या, तुझ्याकडे आजीचं काय काय आहे गं? तर ती मोजायला लागली, मोठी रवी, घंगाळ, पितळी डबा, "आणि डब्यात अण्णांचं ते लाल बासन." अण्णा म्हणजे आजोबा, बासन म्हणजे फडक्यात बांधलेलं गाठोडं. मी म्हटलं अगं, कधीपासून? तर 1987 ला वाडा पाडायला दिला तेव्हा आजीनं तो डबा तिच्या हातात दिला होता, तळाला बासन. मी म्हटलं, बोलली का नाहीस? तर म्हणे, "मला विचारलं कुणी?"

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर हेच, काकांना विचारणं थांबवा. पणजोबांच्या मुली कुठे कुठे दिल्या त्याची यादी करा आणि त्या घरांत फोन लावा. आणि "वंशावळीची वही आहे का" असं विचारू नका, त्याला नाहीच म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते आजीचं बासन असतं, वंशावळ नसतं. "आजीचं काय काय आलंय" असं विचारा.

आता खरं भांडण. बाड उघडलं तर पहिली चार पानं कसरीनं खाल्लेली, बाकी ठणठणीत. पण समासात सगळीकडे निळ्या बॉलपेननं देवनागरीत आत्याचं अक्षर. मूळ बाडात मुलींचा पत्ताच नाही, असेल तर "कन्या 2" एवढंच, आणि बायका म्हणजे नुसतं "भार्या". आत्यानं वर्षानुवर्षं कुणाकुणाला विचारून त्या कन्यांची माहेरची नावं, सासरची नावं, कुठल्या गावात दिली, सगळं बाजूला लिहून ठेवलं होतं. माझ्या चुलतभावानं ते पाहिलं आणि पहिलं वाक्य काय, "वाट लावली हिनं, अँटिक पीस होता." आणि 2016 च्या कुलसंमेलनासाठी त्यानं जो वंशवृक्ष छापला त्यात आत्याच्या नोंदींतलं एक अक्षर घेतलं नाही, कारण म्हणे पुरावा नाही. आत्या तेव्हा हयात होती, हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसलेली होती. त्या वृक्षावर तीही "कन्या".

पुरावा हवा होता ना? समासातल्या एका नोंदीवरून मी वाईला गेले, आजोबांच्या आत्याच्या घरी. तिथे अजून एक तांब्याचं घंगाळ आहे, काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, त्या लेकीचं नाव, आत्यानं लिहिलंय तेच, पुढे "हिस आईकडून", मग आईचं नाव, शके 1807. ती आई म्हणजे आजोबांची आजी. तिचं नाव बाडात नाही, नाशिकच्या नामावळीत नाही. आमच्या अख्ख्या घराण्यात ते त्या भांड्यावर होतं फक्त. त्यामुळे तुम्हीही भांडी मोडीत घालण्याआधी उलटीसुलटी करून वाचा, काठ, बूड, झाकणाची आतली बाजू.

बाकी वही नाहीच मिळाली तर तिच्यातली माहिती दुसरीकडून जमवता येते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या उपाध्यायांकडे जा, पण मूळ गाव माहीत असेल तरच, नुसत्या आडनावावर काही होत नाही. गावची जुनी जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात असते, गाव नमुना 14, ते तहसीलच्या रेकॉर्ड रूमला मागा. जमीन असेल तर जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढा, वारसांची नावं त्यात येतात, आणि कधीकधी मुलीही येतात, कारण हिस्सा सोडल्याची सही घ्यायची असते ना, तेव्हा बरोबर नाव आठवतं सगळ्यांना. इनाम किंवा वतन असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात बघा, 1852 च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशननं हक्क तपासले तेव्हा लोकांनी वंशावळी दाखल केल्यात. बहुतेक सगळं मोडीत. 2023 ला मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आलीये, त्यामुळे चांगला वाचणारा मिळाला तर थांबायची तयारी ठेवा. जुन्या कागदांत फसली सन दिसला तर इसवी सनासाठी 590 मिळवा, सुहूर सन असेल तर 599, एखादं वर्ष इकडेतिकडे होतं.

मिळाली वही तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. आधी फोटो काढा, मग सुती फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवा.

आणि हो, पुरात खरोखर गेलेल्या वह्याही असतात, तुमचे काका बरोबरही असतील, मी त्यांना ओळखत नाही. नाशिकला फोटो काढू देतीलच असंही नाही, वही घेऊन जा, लिहून घ्या आणि तुमचा लेख लिहून द्यायला विसरू नका. मी दिला तेव्हा माझं, माझ्या बहिणीचं आणि आमच्या तिन्ही मुलींचं नाव लिहिलं.

वंशवृक्ष छापणाऱ्या दादा, तू इथे असतोस मला माहितीये. बाड माझ्याकडे आहे, सगळ्या पानांचे फोटो तुला पाठवलेत, समासासकट. मूळ मिळणार नाही. माझ्यानंतर ते आत्याच्या नातीकडे जाईल, तिला सांगून ठेवलंय.