बाईकमधला एअर व्हॉल्व्ह नेमकं करतो काय, बंद केला तर चालेल का?

बंद करू नका. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात थोडं न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड असतो, हा व्हॉल्व्ह एअर फिल्टरकडची ताजी हवा एक्झॉस्ट पोर्टजवळ, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडाशी सोडतो आणि धूर तिथे गरम असतानाच ते बरंचसं जळून जातं. आत पातळ पत्र्याची पट्टी म्हणजे रीड असते, एक्झॉस्टमध्ये क्षणभर ओढ तयार झाली की उघडते, धूर उलटा यायला लागला की मिटते.

थ्रॉटल एकदम सोडला की इंजिनच्या व्हॅक्यूमने (आत ओढणाऱ्या दाबाने) व्हॉल्व्हमधला डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, ही हवा बंद करतो, नाहीतर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. माझ्या गाडीत तेच झालेलं, व्हॅक्यूमचा बारीक पाइप टोकाला चिरला होता, तेवढा बदलला आणि आवाज गेला. हवेचा पाइप वितळलेला दिसला तर मात्र रीड गेली समजा.