दाव्यापाशी थांब

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

भक्तिवाहिनीत प्रसारणापूर्वी चित्रफिती तपासण्याचे काम तुझ्याकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात मंतरलेल्या धार्मिक यंत्रांच्या विक्रीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम अडवावा की सोडावा, या विचाराने तुझी झोप उडाली. ‘लोकांच्या श्रद्धेत ढवळाढवळ करणारी मी कोण?’ असे तू विचारतेस. अगं, श्रद्धा तपासायला तुला बसवलेलेच नाही. तू दावा तपास.

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मुळातून वाच, साहेबांकडून ऐकू नकोस. यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना त्याने हात लावलेला नाही. दिवंगत संतांचे चमत्कार सांगण्यालाही मुभा ठेवली आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत तरली हे कीर्तनकाराने रंगवून सांगावे आणि तू खुशाल ऐकावेस. पण त्यानेच हातात लॉकेट धरून ‘हे घातले की कर्ज फिटते’ म्हटले आणि खाली फोन नंबर लुकलुकू लागला, की तो दावा झाला. केबल दूरचित्रवाणीच्या 1994 च्या नियमांतला सातवा नियमही वस्तूत चमत्कारी, सिद्ध करण्यास कठीण असे गुण असल्याचे सुचवणारी जाहिरात चालू देत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तर जानेवारी 2021 मध्ये, हनुमान चालिसा यंत्राच्या प्रकरणात, अशी जाहिरात दाखवणेही बेकायदा ठरवले आणि देखरेखीसाठी मुंबईत कक्ष उभारायला सांगितले. ‘आम्ही फक्त वेळ विकतो’ हे साहेबांचे उत्तर आता टिकत नाही.

ते उत्तर मला पाठ आहे, कारण मीही वर्षानुवर्षे तेच दिले. एका फितीत एक बाई रिपोर्टचे पाकीट हातात घेऊन ‘साखर गेली’ असे सांगत होती. पाकीट तिने उलटे धरले होते, ते मला त्याच वेळी दिसले. मी ‘वाहिनी सहमत असेलच असे नाही’ अशी पट्टी टाकली आणि फीत सोडली. घरच्या टीव्हीवर ती पट्टी मला स्वतःलाच वाचता येईना. मी अडवली असती तर ती दुसऱ्या वाहिनीवर गेली असती, जाहिरात विभागापुढे तपासनीसाचे कोण ऐकतो, शिवाय मुलांच्या फिया होत्या. यातले काहीही खोटे नाही. तुला मात्र हे सगळे बोलायला वाव नाही, कारण तुझ्या हाती न्यायालयाचा हा निकाल आहे, जो माझ्याकडे नव्हता.

सरकारने धर्मात नाक खुपसू नये, हे तुझे म्हणणे मला मान्यच आहे. म्हणून तर पुन्हा सांगतो, दाव्यापाशी थांब. श्रद्धा खरी की खोटी हे अधिकारी ठरवू लागला, तर तो आपल्या आवडीचा बाबा सोडून दुसऱ्याचा पकडेल. यंत्र, ताईत, प्रार्थनेने बरा झालेला कर्करोग, सगळ्यांना एकच प्रश्न विचार: नेमके काय होईल म्हणालात?

नोंदवहीत ‘आक्षेपार्ह’ असे मोघम लिहू नकोस. कितव्या मिनिटाला कोणते वाक्य आले ते जसेच्या तसे उतरव, तारीख घालून सही कर. भावना दुखावतील असे साहेब म्हणाले, तर कोणाच्या, ते त्यांच्याकडून लेखी घे.