पाहुणा म्हणून परदेशी जाताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत परदेशी जाण्याविषयीची पत्रे वाढली आहेत आणि ती नागपूर-अमरावतीहून कमी, खेड्यांतून अधिक येत आहेत. कुणाची लेक परदेशी नांदते आहे, कुणाला तिथली बाग पाहायची आहे, कुणाला धम्मयात्रेला जायचे आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा) : माझी मुलगी व जावई अमेरिकेत असतात. मुलीच्या बाळंतपणासाठी मला जायचे आहे. मी चौथी शिकलेली असून मला इंग्रजी येत नाही. यजमान हयात नाहीत. सहा एकर कोरडवाहू शेत माझ्या नावावर आहे. शेजारगावच्या एका बाईंना व्हिसा नाकारला गेला, तो त्यांना अपमान वाटला. मुलाखतीत बाळंतपणाचे नाव काढू नका, फिरायला जाते असे सांगा, असे एकाने सुचवले आहे. तसेच व्हिसा दहा वर्षांचा मिळतो असे ऐकते. मग मला तिथे वर्षभर राहता येईल का?

उत्तर : ताई, आधी त्या सल्ल्याविषयी. तो ऐकू नका. आपल्याला जो व्हिसा लागेल त्याला बी-१/बी-२ म्हणतात आणि नातेवाइकांना भेटणे हा त्याचा मान्य हेतूच आहे. पैसे घेऊन मुले सांभाळणे हे काम झाले व ते या व्हिसावर चालत नाही. परंतु आई लेकीच्या बाळंतपणाला जाते, ही नोकरी नव्हे. आपण ‘फिरायला’ असे सांगितले आणि पुढच्या प्रश्नात मुलगी गरोदर असल्याचे निघाले, तर अधिकाऱ्याच्या मनात शंका बाळंतपणाची येणार नाही, ती आपण का लपवले याची येईल.

तिथल्या कायद्याच्या २१४-बी या कलमानुसार, प्रवासी म्हणून येऊ पाहणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येत आहे असे धरून चालायचे आणि तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे, अशी रीत आहे. बहुतेक नकार याच कलमाखाली येतात आणि त्यात अर्जदाराचा अपमान करण्याचा हेतू नसतो, हे आपल्या शेजारगावच्या बाईंनाही सांगावे. जावयाचे पगारपत्रक आणि ‘आईंचा सगळा खर्च मी करीन’ असे पत्र यांवर पुष्कळ लोक विसंबतात. पण तिथल्या परराष्ट्र खात्याचे म्हणणे स्पष्ट आहे की, तिकडच्या नातेवाइकाने दिलेल्या हमीपेक्षा अर्जदाराचे स्वतःचे घर, स्वतःची मुळे कुठे आहेत हे पाहिले जाईल. आपल्या नावाचा सातबारा, आठ-अ, कापूस विकल्याची काटापट्टी, बँकेचे पासबुक, घरी मागे राहणारी माणसे ही आपली मुळे. ती भक्कम आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलाखत मी जवळून पाहिली आहे. तिने साठ-सत्तर कागदांची फाइल छातीशी धरून नेली होती. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने फाइल मागितलीच नाही. मुलगा काय करतो, किती दिवस राहणार आणि मागे शेत कोण पाहणार, एवढे तीन प्रश्न त्याने विचारले. दिवस नोव्हेंबरचे होते. ती म्हणाली, ‘कपाशी वेचणीवर आहे, तूर फुलावर आहे, ते सारे धाकटा दीर पाहील, पण पेरणीला मी घरी पाहिजे.’ हे उत्तर तिला कुणी पढवलेले नव्हते. दोन मिनिटांत ती बाहेर आली. आपले शिक्षण चौथी असल्याचा संकोच नको. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीतून देता येते. अर्ज भरतानाच भाषेच्या रकान्यात तसे नोंदवावे.

आता व्यवहाराचे. डीएस-१६० हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो व फी १८५ डॉलर असते; नकार आला तर ती परत मिळत नाही. अर्ज मुलगी भरून देईल किंवा तालुक्याचा सेतूवाला. कुणीही भरला तरी प्रत्येक उत्तर मराठीत वाचून घ्यावे, कारण त्यातील चुकीची जबाबदारी आपली असते. मुंबईला दोन ठिकाणी हजेरी असते, एकदा बोटांचे ठसे व फोटो देण्यासाठी आणि एकदा मुलाखतीसाठी. या दोन तारखा लागोपाठच्या दिवशी घ्याव्यात, म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसची एकच फेरी पुरते. वकिलातीत मोबाइल व पिशवी नेऊ देत नाहीत आणि ठेवून घेण्याची सोयही आत नाही. त्यामुळे सोबतीला कुणीतरी असावे. तारखा मिळायला कित्येकदा महिनोन् महिने लागतात, म्हणून मुलीला दिवस गेल्याचे कळताच अर्जाला लागावे.

दहा वर्षांबद्दल फार मोठा गैरसमज आहे. व्हिसावरची मुदत ही तिथल्या दारापर्यंत जाण्याची मुदत आहे, राहण्याची नव्हे. किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी त्या त्या वेळी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ या नावाने ऑनलाइन होते. भेटीला आलेल्यांना सहसा सहा महिने मिळतात. उतरल्यावर दोन-चार दिवसांत मुलीकडून ती नोंद काढून घ्यावी आणि त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. त्या तारखेनंतर १८० दिवसांहून अधिक काळ राहणाऱ्याला तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक राहणाऱ्याला दहा वर्षे पुन्हा प्रवेश बंद होऊ शकतो. तेव्हा वर्षभराचा विचार सोडून द्यावा. प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा नसला तरी तो घेतल्याशिवाय जाऊ नये. तिथल्या इस्पितळाचे एका रात्रीचे बिल इथल्या एका हंगामाला भारी पडते. सामानात डिंकाचे लाडू, कुरडया, लोणचे असे जे काही न्याल ते विचारल्यावर ‘आहे’ म्हणून सांगावे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. न सांगितलेल्या वस्तूसाठी दंड होतो.

प्रश्न (वरूड तालुका, जि. अमरावती) : आम्ही बारा संत्रा बागायतदार स्वखर्चाने स्पेनमधील बागा व रोपवाटिका पाहायला जाणार आहोत. आमच्यापैकी नऊ जणांनी कधी आयकर विवरणपत्र भरलेले नाही. एजंट म्हणतो की विवरणपत्रे तो ‘तयार करून’ देईल आणि खात्यात महिनाभर पाच-पाच लाख ‘दाखवून’ देईल. हे चालते का?

उत्तर : चालत नाही, आणि या एका बाबतीत मी हात जोडून सांगतो की त्या एजंटाकडे पुन्हा जाऊ नका. स्पेन हा शेंगेन करारातील, म्हणजे एकाच व्हिसावर एकमेकांत फिरू देणाऱ्या युरोपीय देशांच्या करारातील, देश आहे. या करारात आज २९ देश आहेत, त्यांची व्हिसा नोंदवही सामाईक आहे आणि नकाराची नोंद तिच्यात पाच वर्षे राहते. खोट्या कागदाने एकदा शिक्का बसला की फ्रान्स, इटली, नेदरलँड्स ही दारेही त्याच्यासोबत अडकतात.

मुळात आपल्याला खोट्या कागदाची गरजच नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. म्हणून विवरणपत्र नसणे हा दोष नव्हे, पण ते का नाही हे अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहायला हवे. त्यासोबत सातबारा, आठ-अ, बागेचे क्षेत्र व झाडांची संख्या, सोसायटीचा किंवा बँकेचा पीककर्जाचा उतारा आणि बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या लावाव्यात. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे अंबिया बहराची बाग व्यापाऱ्याला उभी विकतात आणि इसार रोखीने, बाकीही पुष्कळदा रोखीने येते. मग बँकेच्या उताऱ्यात वर्षभर शुकशुकाट आणि अर्जाच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम दिसते. अधिकाऱ्याला ती उसनी वाटते, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटली असती. म्हणून या हंगामापासूनच सौद्याचा पैसा खात्यावर घ्यावा, व्यापाऱ्याकडून सौदाचिठ्ठी सही-तारखेनिशी घ्यावी आणि जमा झालेल्या प्रत्येक मोठ्या रकमेसमोर तिचा कागद जोडावा. उतारा सहसा तीन ते सहा महिन्यांचा मागतात. तेव्हा बागेचा पैसा त्या काळात बसेल अशा बेताने अर्ज करावा. संत्रा विकून झाल्यावरचा फेब्रुवारी-मार्च आपल्याला सोयीचा; पावसाळ्यात केलेल्या अर्जात खाते रिकामेच दिसणार.

नियमांचा भाग सरळ आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पाने कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा व सर्व शेंगेन देशांत चालणारा हवा. फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने व कमीत कमी १५ दिवस करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस आणि कधी ४५ दिवसांपर्यंत लागतात. ज्या देशात अधिक दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, मग विमान आधी कुठेही उतरो. कुठल्या देशाच्या तारखा लवकर मिळतात ते पाहून अर्ज तिकडे करण्याची युक्ती एजंट सुचवतात. ती नकाराची वाट आहे. बागा पाहायला जात आहात, तर जिथे जाणार तिथले निमंत्रणपत्र मिळवावे. व्हॅलेन्सियाजवळ मोंकादा येथे लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी सरकारी कृषी संस्था आहे. तिच्याकडे भेटीची वेळ आधी पत्राने मागता येईल.

आणखी एक गोष्ट आवर्जून लिहितो. गटाने जाताना बाराही जणांचे कागद म्होरक्याच्या पिशवीत असतात. सीमेवर मात्र प्रत्येकाला एकेकटे उभे केले जाते आणि व्हिसा असूनही राहण्याचे ठिकाण, परतीचे तिकीट, विमा व पैसे यांविषयी विचारले जाऊ शकते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे व चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, तीही प्रत्येकाची वेगळी. प्रत्येकाने आपला संच आपल्या हातातल्या पिशवीत ठेवावा आणि त्यातला कोणता कागद कशाचा आहे हे निघण्याआधी घरी बसून समजून घ्यावे.

प्रश्न (चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली) : मी नववी नापास असून गवंडीकाम करतो. एक एजंट ८० हजार रुपये घेऊन भेटीच्या व्हिसावर आखाती देशात पाठवतो, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा होतो, असे म्हणतो. जावे का?

उत्तर : या मार्गाने जाऊ नये, बाबा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असते. तिचा अर्थ असा की ठरावीक १८ देशांत कामासाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. या यादीत सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन हे सारे आहेत. फिरायला जाणाऱ्याला मात्र ही मंजुरी लागत नाही, आणि एजंट नेमक्या याच फटीतून माणसे काढतो. मंजुरी म्हणजे नुसता शिक्का नव्हे. तिच्यामागे मालकाचा करार असतो, पगाराचा आकडा असतो आणि १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा असतो, ज्याचा हप्ता दोन वर्षांसाठी अवघा २७५ रुपये आहे. भेटीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाजवळ यांतले काहीच नसते. मुदत संपली की तो बेकायदा ठरतो, आणि परांचीवरून पडला तर कागदोपत्री तो तिथे काम करीतच नव्हता.

नोंदणीकृत एजंटांची नावे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर जिल्ह्यात कुठेही बसून पाहता येतात. अशा एजंटाला कायद्याने ३० हजार रुपये अधिक जीएसटी, एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. ८० हजारांच्या मागणीवरूनच आपल्याला उत्तर मिळायला हवे. जाण्याची खरी इच्छा असेल तर बाहेरून दहावीचा अर्ज भरावा. पास झाल्यावर ती नोंद काढून नवा पासपोर्ट मिळतो. तोवर पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नये.

प्रश्न (साकोली तालुका, जि. भंडारा) : आमच्या विहारातील ३५ उपासक-उपासिका लुंबिनीला जाणार आहेत. पासपोर्ट कुणाकडेच नाही, आधार सर्वांकडे आहे. चालेल का?

उत्तर : नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही सक्तीचा नाही, परंतु पासपोर्ट नसल्यास निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हवे. आधार पुरेल ते फक्त ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि १५ वर्षांखालील मुलांना. १५ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातील ओळखपत्र चालते. गोरखपूरहून सोनौलीमार्गे जाताना सीमेवर तपासणी होते, तेव्हा मूळ कार्ड जवळ असावे. मोबाइलमधला फोटो दाखवून भागवू नये. इथूनच बस घेऊन जाणार असाल तर गाडीसाठी नेपाळच्या भन्सार (सीमाशुल्क) कचेरीतून परवाना काढावा लागेल. गाडीचे मूळ कागद व चालकाचा परवाना सोबत असू द्यावा. उपासिकांपैकी पुष्कळांच्या मतदार कार्डावर माहेरचे नाव असते आणि तिकिटावर सासरचे. यात्रेच्या दोन-तीन महिने आधी सगळी कार्डे विहारात एकत्र मागवून नावे ताडून पाहावीत. ज्यांचे कार्ड हरवले असेल त्यांना नवे काढायला तेवढा वेळ लागतोच.