वाचकांचे प्रश्न : जेटीला चालतं, मुखाशी बंद पडतं

प्रश्न : १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठल्यापासून आमचा लाकडी ट्रॉलर तीनदा निघाला आणि तीनदा परत आला. एकदा बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला म्हणून. दोनदा खाडीच्या मुखाशी इंजिन धापा टाकत बंद पडलं. जेटीला बांधून तासभर चालवलं तर काहीच होत नाही. खलाशी बसून आहेत, बर्फ वितळतोय. इंजिन खोलायचं का?
– एक नाखवा, रत्नागिरी

उत्तर : इंजिनाला हात लावू नका, आधी डिझेलची टाकी बघा. बंदीचे ६१ दिवस टाकी अर्धी रिकामी राहिली, की दमट हवेचं पाणी होऊन तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात, तिथे काळा, बुळबुळीत गाळ धरतो. जेटीला तो तळाशी पडून असतो. मुखाशी ट्रॉलर हेलकावू लागला की ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबतो.

फिल्टरखालच्या काचेच्या वाटीवर बॅटरीचा उजेड टाका. पाणी खाली, डिझेल वर, मध्ये स्वच्छ रेघ दिसेल. वाटीचा स्क्रू सैल करून शुद्ध डिझेल येईपर्यंत पाणी सोडा. तेवढ्याने भागणार नाही. टाकीचं झाकण काढून तळातलं सगळं उपसा, फडक्याने पुसा आणि मगच नवा फिल्टर घाला. जुना फिल्टर धुऊन बसवू नये. मग हवा काढा : फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. तेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर करा. तरीही बुडबुडे येतच राहिले, तर टाकीकडच्या नळीचा एखादा जोड हवा ओढतोय. दोन फिल्टर जादा ठेवल्याशिवाय निघू नका. लाटांत बंद पडलेलं इंजिन म्हणजे सगळ्या खलाशांचा जीव टांगणीला.

प्रश्न : पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर जातो, त्या ग्लँडमधून पाणी येतं. तिच्यातलं पॅकिंग, म्हणजे पाणी अडवणारी दोरी, दोनदा बदललं, पुन्हा तेच.

उत्तर : जुन्या पॅकिंगच्या सगळ्या कड्या आकड्याने ओढून काढल्या का? तळातली एक राहिली तरी नवी नीट बसत नाही. प्रत्येक कडी तिरपी कापा आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. नट दोन्ही बाजूंनी सारखे, आधी हातानेच आवळा. शाफ्ट फिरत असताना थोडे थेंब पडायलाच हवेत. थेंब पूर्ण बंद केले तर ग्लँड तापते, पॅकिंग जळतं आणि शाफ्टला चरे पडतात. मग कितीही पॅकिंग भरा, टिकत नाही. हात ठेववत नसेल इतकी ग्लँड तापली, तर लगेच सैल करा.

इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते ट्रॉलर पाण्यात उतरवून दोन दिवस झाल्यावर तपासा. सुकलेल्या फळ्या पाण्यात फुगतात, सांगाडा किंचित बदलतो. किनाऱ्यावर घेतलेलं माप चुकतं. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट काढून चारही बाजूंनी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाला. १५० मिमी व्यासाच्या कपलिंगला फटीतला फरक ०.१५ मिमीच्या आत हवा.

प्रश्न : आभाळ मोकळं, वारा नाही, तरी तांडेल (नाव चालवणारा) निघू देत नाही.

उत्तर : त्यांचं ऐका. दूरच्या वादळाची लांब लाट वाऱ्याशिवायही येते, आणि ओहोटीचा ओढा समोरून भिडला की मुखावर उभी राहून फुटते. उधाणाच्या ओहोटीत सर्वांत जास्त. भरती संपता संपता मुख ओलांडावं. बावटा असेल, तर तेही नाही.