रोबो डावीकडेच का जातो? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या रोबोटिक्स टीमबद्दल लिहिलं होतं, फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या रोबो स्पर्धेची तयारी, मुलांची भांडणं वगैरे, त्यावर इतके मेल आलेत की या वेळी दुसरं काही लिहीत बसत नाही. "कोणता किट घेऊ" विचारणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर, आधी ज्या स्पर्धेत उतरायचंय तिचे नियम वाचा आणि मग दुकानात जा. फर्स्ट लेगो लीगच्या रोबोला लेगोचेच पार्ट लागतात, अर्डुइनो (ज्यावर प्रोग्राम चढवतात तो छोटा सर्किट बोर्ड) तिथे चालत नाही, आणि हे अर्डुइनोचा किट घेऊन झाल्यावर कळलेले पालक माझ्या ओळखीत आहेत.

प्रश्न: ताई, मी बँकेत आहे, कॉमर्सवाली, कोडिंगचा गंध नाही. सोसायटीतली पाचवी ते आठवीची सात मुलं माझ्या गळ्यात पडलीयेत कारण हॉल आमचा मोठा आहे. रोबोने सरळ जायचं, उजवीकडे वळायचं आणि एक दांडी ढकलायची, एवढंच मिशन आहे. दहातून सहा वेळा जमतं, चार वेळा डावीकडे भरकटतो. मुलं आकडे बदलत बसतात आणि शेवटी माझ्या तोंडाकडे बघतात. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला बसवू का?
— एक आई, कोथरूड

उत्तर: नवऱ्याला चहा करायला बसवा. मी गमतीने नाही म्हणत आहे. सॉफ्टवेअरवाला माणूस आला की तो लॅपटॉप स्वतःकडे ओढतो आणि म्हणतो "थांब, मी बघतो", आणि या तीन शब्दांनंतर मुलं जी मागे सरकतात ती परत पुढे येतच नाहीत, कुणी मोबाइल काढतं, कुणी पाणी प्यायला जातं ते जातंच. तुम्हाला येत नाही हे तुमच्या टीमचं नशीब समजा, कारण तुम्ही उत्तर देऊच शकत नाही, त्यामुळे शोधायचं काम आपोआप त्यांच्यावर येतं.

आता रोबोचं. आधी आकडे बदलणं बंद. मुलं काय करतात, एक रन चुकला की वळायचा कोन ९०चा ८७ करतात, पुढचा दुसऱ्या बाजूला चुकला की ९२, मग स्पीड कमी, मग कुणीतरी चाकच बदलतं. आमटी बिघडली म्हणून मीठ, तिखट, गूळ सगळं एकदम टाकलं आणि चव सुधारली, तर कशाने सुधारली ते कोण सांगणार? तर प्रोग्रामला हात न लावता दहा रन करायचे. रोबो ठेवणारा हात दहाही वेळा एकाच मुलाचा. रोबो जिथे थांबेल तिथे दुसऱ्याने मास्किंग टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा, तिसऱ्याने वहीत लिहायचं. दहा रन झाले की सगळ्यांनी उभं राहून वरून टेपांकडे बघायचं.

दोनच चित्रं दिसतात. सगळे तुकडे एका जागी जमलेत, फक्त ती जागा चुकीची आहे, तर रोबो बिचारा प्रामाणिक आहे आणि तुमचा आकडा चुकलाय, तो बदला. आणि तुकडे अक्षता उडवल्यासारखे इकडे तिकडे पसरलेत, तर आकडा कितीही बदला, काहीही फरक पडणार नाही, कुठेतरी काहीतरी सैल आहे, अडकतंय, किंवा रोबो दर वेळी वेगळ्या जागी ठेवला जातोय. तुमचं वर्णन वाचून मला हे दुसरं वाटतंय.

आमच्याकडे असंच झालं होतं. मुलांची थिअरी एकेक, बॅटरी उतरली, जायरो (वळण मोजणारा सेन्सर) बिघडला, आणि एकाची तर जमीनच वाकडी आहे. मी म्हटलं ठीक आहे, सगळं खरं असू शकतं, पण प्रत्येक गोष्ट तपासायची कशी ते तुम्ही सांगा. बॅटरी फुल चार्ज करून बघितली, तसंच. जमिनीसाठी आठवीतल्या मुलाने जे सुचवलं ते मला सुचलं नसतं, रोबो जिच्यावर चालतो ती मॅट उलट दिशेला फिरवायची, म्हणजे उतार जमिनीला असेल तर आता रोबो दुसऱ्या बाजूला जाईल. गेला नाही, पूर्वीसारखाच डावीकडे. जमीन सुटली निर्दोष. मग पाचवीतली एक मुलगी, तीन आठवडे जेमतेम दोन वाक्यं बोललेली, ती जमिनीवर पालथी पडली, गाल मॅटला लावला आणि म्हणाली परत सोडा. परत सोडला. परत सोडा. चौथ्यांदा म्हणाली, डावं चाक उशिरा निघतं. उचलून बोटाने फिरवलं तर खरंच जड. चाक काढलं तर एक्सलला, म्हणजे चाकाच्या दांड्याला, केस गुंडाळलेला, चांगला दोरीसारखा पीळ बसलेला. निम्मा काळा निम्मा पांढरा, त्यामुळे कुणाचा ते विचारायची गरज पडली नाही. भुवयांच्या चिमट्याने काढला, त्यानंतरच्या दहा टेपांपैकी नऊ काडेपेटीखाली झाकल्या गेल्या.

तुमच्याकडे केसच असेल असं नाही. टायरवर धूळ असते, ओल्या फडक्याने पुसा. जायरो सुरू होताना किंवा शून्य करताना रोबो हातात हलत असेल तर पुढचे सगळे कोन सरकतात, टेबलावर ठेवा, हात काढा, मग बटण. आणि सुरुवातीला रोबोची पाठ टेबलाच्या कडेला टेकवून सरळ करून घेतात ते शिकवा, म्हणजे ठेवणाऱ्याच्या हाताचा फरक बराचसा जातो.

वहीतल्या प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारत जा, हा कुठून आला? लेगोच्या स्पाइक प्राइम किटचं छोटं चाक ५.६ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेरीत साधारण १७.६ सेंटीमीटर, ६० सेंटीमीटर जायचं तर ३.४ फेऱ्या. सातवीच्या मुलाला हे येतं, फक्त तो परिघ परीक्षेत सोडून कुठे लागतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि एक, "का चुकलं" असं लगेच विचारू नका. "का" म्हटलं की मुलं अंदाज ठोकतात आणि मग तो अंदाज वाचवायला भांडतात. "काय दिसलं?" एवढंच विचारा.

प्रश्न: मॅडम, सांगली जिल्ह्यातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. लाइन फॉलोअर (काळी रेषा धरून चालणारा रोबो) केलाय, अर्डुइनो उनो, एल२९८ ड्रायव्हर (मोटरी चालवणारा बोर्ड), पिवळ्या बीओ मोटरी, नऊ व्होल्टची बॅटरी. लॅबमध्ये चालतो, व्हरांड्यात रेषा सोडतो. शिवाय मधेच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मुलं चौदा, चालू किट एक, आणि दोन पोरं लॅपटॉप सोडत नाहीत. मुली पोस्टर छान करतात.
— एक शिक्षक

उत्तर: सर, पहिल्यांदा मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या की ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच दिवशी दोन्ही दिसली म्हणून मुलं एकच कारण शोधत बसतात.

व्हरांड्याचं कारण ऊन. रेषा बघणारा आयआर सेन्सर स्वतः इन्फ्रारेड सोडतो आणि परत आलेलं मोजतो, आणि उन्हात तर इन्फ्रारेडचा पूर असतो, सेन्सरला काळं पांढरं सगळं सारखंच. पण हे सांगून टाकू नका! सेन्सरची अॅनालॉग पिन वाचून आकडा लॅपटॉपवर, सीरियल मॉनिटरच्या खिडकीत, आणायला लावा आणि फळ्यावर चार चौकोन काढा, लॅबमध्ये पांढऱ्यावर किती, काळ्यावर किती, व्हरांड्यात पांढऱ्यावर किती, काळ्यावर किती. चारही आकडे भरले की कुणीतरी ओरडेलच. मग एकाला छत्री धरून रोबोबरोबर चालायला लावा. छत्रीखाली रेषा धरली की पुढे सेन्सरभोवती पुठ्ठ्याचा झगा करायचा, हे त्यांचं त्यांना सुचतं. तुमचं मॉड्यूल नुसतं हो-नाही सांगणारं असेल तर त्यावरचा छोटा दिवा बघायचा आणि निळा पॉट (काळं-पांढरं कुठे बदलतं ते ठरवणारा स्क्रू) स्क्रूड्रायव्हरने थोडा थोडा फिरवायचा.

बंद पडण्यामागे ती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. दिसायला नऊ व्होल्ट, पण मोटरींना निघताना जेवढा करंट लागतो तेवढा तिच्यात दमच नाही, व्होल्टेज बसतं आणि अर्डुइनो रीसेट होतो. त्यात एल२९८ स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. मुलांना एवढंच सांगा की रोबो उचलून चाकं हवेत फिरवा, मग जमिनीवर ठेवा. हवेत नीट आणि जमिनीवर रीसेट, म्हणजे वजन आलं की होतंय, इथून त्यांना बॅटरीपर्यंत जाऊ द्या, मल्टिमीटर लॅबमध्ये असेलच. १८६५०चे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये लावले की साधारण ७.४ व्होल्ट मिळतात आणि करंटही भरपूर. पण भरपूर आहे म्हणूनच शॉर्ट झाला तर आग लागू शकते, तेव्हा सेल तुमच्या ताब्यात, होल्डरमध्येच, आणि चार्जिंग त्याच्याच चार्जरवर.

चौदा मुलं आणि एक किट. २०१६ला नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने या लॅब सुरू केल्या त्या सहावी ते बारावीच्या मुलांनी हाताने काही करावं म्हणून, वीस लाखांपर्यंत अनुदान, पण मी बघितलेल्या एका शाळेत अर्धं सामान कपाटात कुलूपबंद, का तर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वस्तू कमी भरली तर कोण निस्तरणार. तुमच्याकडे "चालू किट एक" आहे म्हणता, कपाटात बंद किती आहेत ते एकदा बघाल का?

तोपर्यंत एक खेळ घ्या, रोबोशिवाय. लॅबच्या फरशीवर काळ्या इन्सुलेशन टेपची वळणदार रेषा. एक मूल रोबो, डोळ्यांवर पट्टी. दोघं सेन्सर, एक रेषेच्या डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोघांनी फक्त "काळं" किंवा "पांढरं" एवढंच बोलायचं. चौथं मूल कागदावर नियम लिहिणार, डावा काळं म्हणाला तर काय, दोघं काळं म्हणाले तर काय. रोबोने कागदावर आहे तेवढंच करायचं. पहिल्यांदा तो भिंतीत जातो आणि वर्ग हसून लोळतो, पण तिसऱ्या फेरीला कागदावर जे नियम असतात तोच तुमचा प्रोग्राम असतो, अक्षरशः तोच.

त्या दोन पोरांसाठी आमच्याकडे नियम आहे, लॅपटॉपवर बसणाऱ्याने काय लिहायचं ते ठरवायचं नाही, आणि ठरवणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. पंधरा मिनिटांनी अदलाबदल, गजर लावून. आणि सर, मुली पोस्टर छान करतात हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत, मला ठाऊक आहे, पण पुढच्या आठवड्यात पोस्टर त्या दोन पोरांकडे द्या.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, चौथी ते सातवीची टीम आहे, बहुतेक मराठी घरं. गेल्या सीझनला रोबोला जोडायची अटॅचमेंट नीट चालत नव्हती म्हणून मुलं झोपल्यावर मी बसून सुधारली. रोबो गेममध्ये स्कोअर मस्त आला, पण जजिंगच्या खोलीत "हा गिअर इथे का" विचारल्यावर सगळी एकमेकांकडे बघत राहिली. पुढच्या राउंडला गेलो नाही. या वर्षी प्रेझेंटेशन कसं पाठ करून घेऊ?
— एक बाबा कोच

उत्तर: राग येईल तुम्हाला, पण मुलांनी बरोबर केलं. त्यांनी तो गिअर लावलाच नव्हता, तर का लावला ते कसं सांगणार? खोटं बोलली नाहीत हेच खूप.

फर्स्ट लेगो लीगमध्ये टेबलावरची मॅच अडीच मिनिटांची, तीन होतात आणि त्यातली सर्वात चांगली धरतात. पण जजेससमोर जवळजवळ अर्धा तास असतो, रोबो डिझाइन, इनोव्हेशन प्रोजेक्ट, कोअर व्हॅल्यूज (टीम म्हणून कसं वागता) सगळं तिथे, आणि तिथे त्यांना ऐकायचं असतं की आधी काय होतं, काय मोडलं, मग तुम्ही काय बदललंत. पाठ केलेलं दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

ती अटॅचमेंट डब्यात घालून माळ्यावर टाका. मुलांना १२ दात्यांचा आणि ३६ दात्यांचा गिअर द्या, काहीही न सांगता. मोटरला छोटा लावून मोठ्याला दांडा जोडला की तिप्पट जोर, पण वेग एक तृतीयांश, उलट लावलं की वेग आला आणि दांडा साधं मॉडेलसुद्धा उचलेना, हे एकदा हाताला जाणवलं की जज काय, कुणीही विचारू दे. मोडलेल्या प्रत्येक आवृत्तीचा फोटो काढून एका चार्टवर लावा, तारखेसकट. मुलं स्वतःच्या फजित्या फार रंगवून सांगतात, तिथे पाठांतर लागत नाही, उलट थांबवावं लागतं.

आणि तुमच्या हातांची खाज मला कळते हो, मलाही आहे. तुम्ही स्वतःचा वेगळा रोबो बांधा, वेगळ्या टेबलावर, मुलांना हरवायला द्या.

प्रश्न: आमचे सर खूप चांगले आहेत पण रोबोला कुणालाच हात लावू देत नाहीत, पडेल म्हणतात. मी फक्त मिशन मॉडेल (रोबोने ढकलायच्या-उचलायच्या लेगोच्या वस्तू) परत जागेवर ठेवते. मला कंटाळा येतो. मी काय करू?
— इयत्ता सातवी, नाशिक

उत्तर: अगं, तू तर सगळ्यात मोक्याच्या जागेवर उभी आहेस! रोबो कुठे थांबतो ते सरांपेक्षा तुला जवळून दिसतं. उद्यापासून एक वही आणि पट्टी घेऊन जा. प्रत्येक रनला रोबो मॉडेलपासून किती सेंटीमीटरवर थांबला, कुठल्या बाजूला, लिहून ठेव. वीस रन झाले की वर कोथरूडच्या ताईंना सांगितलंय तसे ठिपके काढ आणि सरांना दाखव, म्हण सर, हे पसरलेत, आपण चाक बघू या का.

आणि वहीबरोबर हे पानही दे. सर, वाचताय ना? पडला तर लेगोच आहे, परत जोडता येतो. पाच मिनिटं तिच्या हातात द्या.