हेवीवेटलाच एवढा भाव का?

प्रश्न: बॉक्सिंग आणि एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं तो खेळ) बघायला लागून मला तीन-चार वर्षं झाली. मला छोट्या वजनाच्या फाइट्स जास्त आवडतात, पण मित्रांना बघायला बोलावलं की पहिला प्रश्न येतो 'हेवीवेट आहे का कोणी?' आणि पन्नास-पंचावन्न किलोवाल्यांची मॅच लागली की सगळे मोबाईल काढून बसतात. मेहनत तीच, नियम तेच, मग काही वजनांना भाव आणि काहींना कुणी विचारत नाही असं का?
– एक वैतागलेला फॅन

उत्तर: आधी हेवीवेटचंच बघू, कारण भावाचं सगळं गणित तिथून सुरू होतं. बाकी कुठल्याही गटाचा चॅम्पियन म्हणजे 'एवढ्या वजनात सगळ्यात भारी', हेवीवेटला मात्र ते 'एवढ्या वजनात' गाळून टाकता येतं. बॉक्सिंगमध्ये ९०.७ किलोच्या वर गेलात की पुढे मर्यादाच नाही, त्यामुळे लहानपणापासून आपल्या डोक्यात जो प्रश्न असतो की ह्या सगळ्यांत कोण कोणाला लोळवेल, त्याचं उत्तर त्या एका बेल्टमध्ये, म्हणजे चॅम्पियनच्या पट्ट्यात आहे असं लोकांना वाटतं. (वाटतं म्हणतोय, आहे असं नाही म्हणत.)

ही ओढ किती खोल आहे ते बघायचं असेल तर १९६४ चं टोकियो ऑलिम्पिक आठवा. ज्युडो पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आला होता, चार सुवर्णपदकं होती, तीन वजनी गटांची आणि एक खुल्या गटाचं. जपानने तिन्ही वजनी गट जिंकले, खुल्या गटात मात्र नेदरलँड्सच्या अँटॉन गीसिंकने अकिओ कामिनागाला हरवलं आणि ती एक हार जपानला जी लागली ती लागलीच, बाकीची तीन सुवर्णपदकं असून नसल्यासारखी झाली. म्हणजे वजनाचं कुंपण काढून जो जिंकला तोच खरा, ही भावना फक्त नवख्या प्रेक्षकांची नाहीये, ज्यांनी तो खेळ जन्माला घातला त्यांचीही आहे.

गंमत म्हणजे कुंपण खरंच काढलं तेव्हा उत्तर भलतंच आलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये यूएफसी ह्या एमएमए संघटनेची पहिली स्पर्धा झाली, वजनी गट नव्हतेच, आणि एका रात्रीत तीन फाइट्स जिंकून गेला कोण तर जेमतेम ऐंशी किलोचा रॉयस ग्रेसी, का तर जमिनीवरची झटापट त्याला येत होती आणि समोरच्यांपैकी बहुतेकांना नीट येत नव्हती. पण मग सगळेच ते शिकले, आणि तंत्र दोघांनाही सारखंच येत असेल तर वजन जड पडतंच, म्हणून १९९७ मध्ये यूएफसीतही वजनी गट आले.

दुसरं कारण साधं आहे, नॉकआउट. वजन वाढतं तसा ठोशामागचा जोर वाढतो पण तो ठोसा सोसायची डोक्याची ताकद काही त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून हेवीवेटला एका फटक्यात सगळं संपू शकतं आणि ही धाकधूक शेवटच्या घंटेपर्यंत टिकते, नवीन माणसाला ती कुणी समजावून सांगावी लागत नाही. याउलट फ्लायवेटला, म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोच्या आसपास, इतकं काही इतक्या भराभर घडतं की सवय नसलेल्या डोळ्याला त्यातलं निम्मंच दिसतं. डोकं जरासं बाजूला घेऊन चुकवलेला ठोसा, पायाचा कोन बदलून लगेच मारलेला उलटा ठोसा, हे सगळं टीव्हीवर नुसती गडबड वाटते. तुमचे मित्र मोबाईल काढतात ना, त्यातले निम्मे कंटाळलेले नसतात, त्यांना काय चाललंय तेच कळत नसतं.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडायला या. खेळ म्हणून बघितलं तर हेवीवेट हा बऱ्याचदा सगळ्यात विरळ गट असतो. शंभर किलोच्या वर आणि तरीही चपळ अशी माणसं मुळात कमी, त्यातली बरीच बास्केटबॉल, रग्बी, अमेरिकन फुटबॉल उचलून नेतात, उरलेल्यांतले काही चौथ्या राउंडला तोंडाने श्वास घ्यायला लागतात आणि मग पुढचा अर्धा तास मिठ्या. खरी गर्दी असते ती साधारण ६६ ते ७७ किलोच्या पट्ट्यात, कारण अंगापिंडाने तेवढे पुरुष जगात भरपूर आहेत, आणि गर्दी असली की वर पोचणारा माणूस बराच चाळून आलेला असतो. शिवाय ह्या वजनात जोरही असतो, वेगही असतो आणि दमही टिकतो. मुहम्मद अलीच्या शेवटच्या काळात हेवीवेटची जादू ओसरायला लागली तेव्हा बॉक्सिंग कोणी सांभाळलं? लेनर्ड, ड्युरान, हर्न्स आणि हॅगलर ह्या चौघांनी. १९८० ते १९८९ मध्ये आपापसात नऊ फाइट्स केल्या. त्यातली १९८५ ची हॅगलर-हर्न्स तीन राउंडही पूर्ण चालली नाही आणि लोक अजून तिच्याबद्दल बोलतात.

म्हणजे नुसतं वजन नाही, एकाच वेळी एकाच गटात तीन-चार तगडी नावं असणं आणि त्यांनी एकमेकांना टाळलं नाही तर त्या गटाला भाव येतो. पे-पर-व्ह्यूचा, म्हणजे एका फाइटचे वेगळे पैसे भरून घरी बघण्याचा विक्रमच बघा ना, २०१५ ची मेवेदर-पॅकियाओ, सुमारे ४६ लाख विक्री, आणि ती वेल्टरवेटची म्हणजे ६६.७ किलोची होती. यूएफसीची सगळ्यात जास्त विकली गेलेली फाइट २०१८ ची खबीब-मॅकग्रेगर, ती ७०.३ किलोची. दोन्हीकडे हेवीवेटचा पत्ता नाही.

पण पॅकियाओचीच गोष्ट तुमच्याही बाजूने जाते. फिलिपाइन्सचा हा माणूस १९९८ मध्ये ५०.८ किलोत, फ्लायवेटला वर्ल्ड चॅम्पियन झाला होता, तेव्हा आशियाबाहेर किती जणांना माहीत होता? २००३ मध्ये त्याहून वरच्या फेदरवेटच्या वजनात मेक्सिकोच्या बॅरेराला झोडपलं तेव्हा अमेरिका जरा वळून बघायला लागली, आणि २००८ मध्ये वेल्टरवेटला अमेरिकेचा स्टार डे ला होयाला खुर्चीतून उठू दिलं नाही तेव्हा कुठे तो जगाचा स्टार झाला. माणूस तोच, डावा हात तोच, किंमत मात्र काट्यावरच्या आकड्याबरोबर वाढत गेली. आणि ज्याला असं वर चढता आलं नाही तो खालीच राहिला. मेक्सिकोचा रिकार्डो लोपेझ, ५१ विजय, एक बरोबरी, हार शून्य, पण बहुतेक कारकीर्द ४७.६ किलोत गेली म्हणून जाणकार सोडले तर नाव कुणाला माहीत नाही. यूएफसीत डिमेट्रियस जॉन्सनने फ्लायवेटचा बेल्ट सलग ११ वेळा राखला, आणि २०१८ मध्ये त्याला चक्क अदलाबदली करून दुसऱ्या संघटनेला देऊन टाकलं. मला हे अजून पचलेलं नाही.

एक मात्र आहे, हा भाव देशागणिक बदलतो. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियो डोममध्ये हेवीवेट चॅम्पियन माइक टायसन बस्टर डग्लसकडून हरला, त्यानंतर तिथे बॉक्सिंग परत आलं थेट मे २०२४ मध्ये आणि ते ५५ किलोच्या नाओया इनोएसाठी, चाळीस हजारांच्या वर माणसं होती. जपान, थायलंड, फिलिपाइन्स, मेक्सिको, इथे छोट्या वजनांनाच परंपरा आहे कारण चॅम्पियन तिथेच घडले, आणि माणूस आपल्या अंगापिंडाच्या चॅम्पियनमध्ये स्वतःला बघतो.

प्रश्न: महिलांच्या फाइट्समध्येही असंच असतं का?

उत्तर: नाही, तिथे जवळजवळ उलटं आहे. यूएफसीत महिला २०१३ मध्ये आल्या त्या रोंडा राउझीमुळे आणि तिचा गट होता ६१ किलोचा, त्यामुळे सुरुवातीला त्याच गटाची हवा होती. वरचा ६५.८ किलोचा गट नंतर उघडला पण लढायला पुरेशा मुलीच मिळाल्या नाहीत, २०२३ मध्ये त्याची चॅम्पियन अमांडा नुनेस निवृत्त झाली आणि तो गटच बंद झाला. ५२ किलोत मात्र रांग लागलेली असते. मार्च २०२० ची झांग वेईली विरुद्ध योआना येंद्रेचिक बघितली नसेल तर आज रात्रीच बघा, पाच राउंड दोघी थांबल्याच नाहीत. तिथे कुणी म्हणत नाही की छोट्या वजनात मजा नाही, म्हणजे हे सगळं 'जड तेच भारी' एवढ्यावर चालत नाही हे आलंच.

प्रश्न: छोट्या वजनात दर तीन-चार पाउंडांवर नवा गट, मग तीन गटांचा चॅम्पियन होण्यात मोठेपणा तो काय?

उत्तर: ही तक्रार अर्धी बरोबर आहे. बॉक्सिंगमध्ये १०५ ते १२६ पाउंडांमध्ये सात गट आहेत आणि १७५ नंतर थेट २००. पण टक्क्यात बघा, १०५ वरून १०८ म्हणजे जेमतेम तीन टक्के, १७५ वरून २०० म्हणजे चौदा. म्हणजे खालची पायरी खरंच छोटी आहे, पण ज्याच्या अंगावर उतरवायला चरबीच नाही त्याला तेवढंही जाणवतं. खरा घोळ आहे तो वेगळाच, सतरा गट आणि प्रत्येकाचे चार संघटनांचे चार बेल्ट म्हणजे ६८ चॅम्पियन, कोण लक्षात ठेवणार! मग लोक सोपं करतात आणि फक्त हेवीवेटचा लक्षात ठेवतात.

आणि हेवीवेट ही रेषा तरी कुठे एका जागी राहिलीय? ४९ फाइट्समध्ये एकही न हरलेला रॉकी मार्सियानो ८४-८५ किलोचा होता, आजच्या हिशोबाने क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालचा गट. ओलेक्झांडर उसिकने २०१८ मध्ये ह्याच क्रूझरवेटचे चारही बेल्ट जमा केले तेव्हा टाळ्या जाणकारांच्याच पडल्या. मे २०२४ मध्ये रियाधला त्यानेच टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही घेतले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी बॉक्सिंग बघितलं नव्हतं तेही मला फोन करून विचारत होते, हा उसिक कोण रे?